तिसऱ्या मजल्यावर न थांबणारी लिफ्ट

रुगायाला सगळा ब्लॉक माकचिक म्हणतो, म्हणजे मावशी. वयानं ती माझ्याहून लहान आहे, पण मीही माकचिकच म्हणतो. कोपऱ्यावरच्या प्राथमिक शाळेच्या कँटीनमध्ये तिचा लोंतोंगचा स्टॉल होता, तीस वर्षं. ब्लॉकमधली निम्मी पोरं तिच्या हातच्या भाताच्या वड्या आणि नारळाचा रस्सा खाऊन मोठी झाली, आणि पोरांनी लावलेलं नाव थोरांनीही उचललं. आम्ही सिंगापूरची माणसं उगाच कुणाला मावशी म्हणत नाही, असं मी लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. आम्ही टॅक्सीवाल्यालाही काका म्हणतो. हिला मात्र मनापासून म्हणतो.

तिचे आईवडील बावेआन बेटावरून आलेले. त्या बेटाची माणसं इथं आली की एका मोठ्या घरात गावचं गाव राहायचं, एका चुलीवर शिजायचं, कुणी आजारी पडलं तर अख्खं घर उठायचं. रुगाया अशाच घरात वाढली. मोठी झाली तेव्हा ती घरं पाडून सरकारी बोर्डानं बहुमजली ब्लॉक बांधले होते, आणि मासदारशी लग्न करून ती आमच्या ब्लॉकच्या तिसऱ्या मजल्यावर आली. बावेआनचे पुरुष बहुतेक ड्रायव्हर, मासदारही ड्रायव्हर. रबराच्या एका व्यापाऱ्याची काळी मर्सिडीज त्यानं चाळीस वर्षं चालवली. घर त्याच्या एकट्याच्या नावावर, कारण हप्ते त्याच्या भविष्य निर्वाह निधीतून कापले जायचे. लोंतोंग विकणाऱ्या बाईला कसला निधी? मूलबाळ झालं नाही. तिला त्याचं दुःख नव्हतं असं नाही, पण मधल्या सुट्टीत तिच्यापुढे दीडशे पोरं रांग लावून उभी असायची, आणि कोणाला तिखट चालत नाही, कोण अंडं लपवून ठेवतो, कोणाच्या घरी सकाळी भांडण झालंय हे तिला पोराच्या तोंडाकडे बघून कळायचं. घरी आली की मासदारला तेच सांगत बसायची. तो पेपर वाचत "हं" म्हणायचा.

निवृत्त होऊन वर्ष झालं नसेल, मासदारला झटका आला. उजवं अंग गेलं. जीभ वाचली, आणि ती पहिल्यापासूनच तिखट होती.

इथवर सरकारला नावं ठेवायला मला जागा नाही, आणि मला सरकारला नावं ठेवायला आवडतं. घरात म्हातारं किंवा अपंग माणूस असेल तर बोर्डाच्या अनुदानातून घर दुरुस्त करून मिळतं. रुगायानं अर्ज केला, माणसं आली, मापं घेतली. न्हाणीघरात धरायला दांडे बसले, फरशी घसरणार नाही अशी झाली, उंबऱ्यापुढे व्हीलचेअरसाठी छानसा उतार केला. जवळपास सगळा खर्च सरकारचा. उतारावरून खुर्ची दाराबाहेर सरसर निघायची, व्हरांड्यात यायची आणि जिन्यापाशी थांबायची. आमच्या ब्लॉकची लिफ्ट पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावर थांबते. ज्या काळात ब्लॉक बांधला त्या काळात सगळेच तरुण होते म्हणे. आमच्याकडे तळमजल्यालाच पहिला म्हणतात; म्हणजे तिसऱ्यावरून जमिनीवर यायला दोन जिने.

"घर बदलून घ्या," बोर्डाचा पोरगा म्हणाला. "लिफ्ट थांबते अशा मजल्यावर. त्यालाही मदत मिळते."

"आणि माझी माणसं?" मासदार म्हणाला. "ती पण बदलून मिळतात का?"

माणसं म्हणजे आम्ही. मी काजा, पाचव्या मजल्यावरचा, बंदरात हिशेबनीस होतो. सालेह, शाळेचा पहारेकरी. त्याचा जावई रिदवान. आणि तियोंग, आठव्या मजल्यावरचा प्लंबर, जो ना मुसलमान ना कशातला. देवळातसुद्धा तो फक्त नळ दुरुस्त करायला जातो. झटक्यानंतर मासदार घरी आला त्या पहिल्याच शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेला त्याला कसं न्यायचं हा प्रश्न पडला. तियोंगनं कॉफीशॉपमधली लाल प्लास्टिकची हातांची खुर्ची आणली, कपडे वाळत घालायचे दोन बांबू तिच्याखालून आवळून बांधले, आणि आम्ही चौघांनी मासदारला उचललं. खाली ठेवली व्हीलचेअर. तिथून मशीद जवळ. तियोंग तोवर कॉफी पीत बसायचा आणि नमाज संपली की आम्ही मासदारला पुन्हा वर चढवायचो.

एक शुक्रवार झाला, दुसरा झाला, मग तो रिवाजच पडला. मासदार सकाळपासून तयार. इस्त्रीचा शर्ट, नवा सारोंग, डोक्यावर काळी सोंगकोक टोपी, अत्तर. खुर्चीत बसला की त्याच्या अंगात वारं शिरायचं.

"वळण हळू घे रे, गाडी हप्त्यावर आहे."

"मागच्या चाकात हवा कमी आहे," हे तियोंगला, कारण तो एका पायानं थोडा लंगडतो.

"काजा, हॉर्न दे. चौथ्यावरची बाई येतेय."

आम्ही घामाघूम, श्वास लागलेला, आणि हसत. खरं सांगतो, मलाही ते आवडायचं. पाठ शनिवारभर बोलायची, पण आवडायचं.

रुगाया दारात उभी राहून आमच्याकडे बघायची. तिचा स्टॉल तेव्हा तिची भाची सुराया चालवत होती, तात्पुरता. मासदारला एकटं ठेवता येत नव्हतं आणि घेऊन जाता येत नव्हतं. शुक्रवार सोडला तर ती दोघं त्या दोन खोल्यांत समोरासमोर. बाहेर काय आणायचं ते व्हरांड्यातून खाली ओरडून कुणाला तरी सांगायची. पुढच्या गल्लीत म्हाताऱ्यांसाठी दिवसाचं केंद्र आहे. सकाळी नेऊन सोडायचं, व्यायाम, जेवण, संध्याकाळी आणायचं. खर्चात सरकारची सूट. व्हीलचेअर ढकलत नेता येईल इतकं जवळ. मध्ये फक्त ते दोन जिने.

म्हणून लिफ्टची बातमी आली त्या दिवशी ती पाचव्यावर माझ्याकडे जिना चढून आली, कपाळावर घाम, आणि म्हणाली, "काजा, प्रत्येक मजल्यावर थांबणार. प्रत्येक."

बोर्ड आमच्या ब्लॉकला नव्या लिफ्ट देणार होतं. खर्चातला मोठा वाटा सरकारचा, थोडा घरटी, तोही निधीतून कापून घ्यायची सोय. एकच अट. ब्लॉकमधल्या घरांपैकी तीन चतुर्थांश घरांनी मतदानात हो म्हणायला हवं. एका घराला एक मत, मत गुप्त. काम व्हायला दीड-दोन वर्षं. सुराया म्हणाली, मावशी, तेवढे दिवस मी स्टॉल सांभाळते, मग मात्र माझं लग्न आहे आणि आम्ही जोहोरला जातोय. हेडबाई म्हणाल्या, माकचिक परत येणार असेल तर जागा तिचीच.

तीन चतुर्थांश ऐकायला सोपं वाटतं. पण पहिल्या, पाचव्या, नवव्या मजल्याच्या लोकांना लिफ्ट आहेच. त्यांना नवीन लिफ्टचं काय कौतुक? शिवाय नव्या लिफ्टचा मनोरा काही घरांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला खेटून उभा राहणार होता. ब्लॉकमध्ये कुजबुज सुरू झाली.

रुगाया दारोदार फिरली. महिनाभर. मासदारजवळ कधी मी बसायचो, कधी तियोंग, आणि ती डब्यात केळ्याची भजी घेऊन मजल्यामागून मजला पिंजून काढायची. नवव्यावर सिया बाई राहायची, विधवा, कपडे शिवणारी. तिच्या खिडकीवरच मनोरा येणार होता. त्या दिवशी मी बरोबर होतो.

"माझा उजेड जाईल, माकचिक," सिया बाई म्हणाली. "शिलाईचं काम आहे माझं. डोळे काय आता विशीतले आहेत?"

"दिवा लावा."

"बिल तुम्ही भरणार?"

"तुमच्या पोराला मी सहा वर्षं मिरची वेचून लोंतोंग वाढलं," रुगाया म्हणाली. "त्याचं बिल कधी लावलं का?"

सिया बाई हसली. "बघते," म्हणाली.

"बघू नका. हो म्हणा."

"बघते म्हटलं ना."

जिना उतरताना रुगाया म्हणाली, "ही नाही म्हणणार." मी म्हटलं, तसं काही नाही. तिनं ऐकलं नाही. तिनं मनात खूणगाठ बांधून टाकली होती.

मतदान ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत होतं, जिथं लग्नाचे मांडव पडतात आणि प्रेतंही ठेवतात. ज्यांना खाली येता येत नाही त्यांच्या घरी अधिकारी पेटी घेऊन जायचे. मासदारकडे एक बाई आल्या. त्या दिवशीची हकिकत रुगायानं संध्याकाळी मला हौसेनं सांगितली. मत घराच्या मालकाचं, म्हणून बाई म्हणाल्या, तुम्ही जरा आत जा, गुप्त मतदान आहे. ही म्हणाली, आमच्यात कसलं गुप्त? पण गेली. स्वयंपाकघरात केळी तळत उभी राहिली. मासदारनं डाव्या हातानं खूण केली, कागद पेटीत टाकला आणि रुगायाला तिच्या घरच्या नावानं हाक मारली, "याह, चहा आण. पाहुण्यांना कोरडं पाठवतेस?" बाई भजी खाऊन गेल्या.

"आमचं तर नक्की झालं," ती म्हणाली. "आता बाकीच्यांचं."

निकाल खाली नोटीस बोर्डावर लागला. एका घरानं हुकलं. एका.

मी ते दोनदा वाचलं. रुगाया नोटीस बोर्डासमोर बराच वेळ उभी राहिली, आणि तेवढ्यात बाजारातून सिया बाई आली.

"मिळाला ना उजेड?" रुगाया सगळ्यांदेखत म्हणाली. "शिवा आता. पोटभर शिवा."

"माकचिक, मी हो म्हटलं होतं."

"हो तर. ब्लॉकमध्ये सगळ्यांनीच हो म्हटलं. मतं उंदरानं खाल्ली."

त्यानंतर तिनं सिया बाईशी बोलणं टाकलं. जिन्यात किंवा खाली भेटली तर पाठ फिरवायची. चिनी नववर्षाला सिया बाईनं दरवर्षीप्रमाणे संत्री पाठवली, ती हिनं परत केली. आमच्याकडे नववर्षाची संत्री परत करणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं. ब्लॉकमध्ये दोन तट पडले. चौथ्यावरच्या बायका सिया बाईकडे ब्लाउज शिवायला देईनाशा झाल्या. एका बाईच्या पोटावर पाय येत होता, आणि आम्ही सगळे मान डोलवत होतो. मासदार हे सगळं रोज ऐकत होता, कारण रुगाया दुसरं काही बोलतच नव्हती.

मग एका शुक्रवारी आम्ही चौघं खुर्चीला बांबू आवळत होतो. मासदार सोंगकोक घालून खुर्चीत बसलेला. सिया बाई दारात येऊन उभी राहिली. रडून डोळे सुजलेले.

"माझ्या मुलाची शपथ घेते," ती म्हणाली. "मी हो वरच खूण केली. आता तरी हे थांबवा."

"पोराची शपथ नका घेऊ," रुगाया म्हणाली. "त्याला मी खाऊ घातलंय."

"मग काय करू? मरू?"

"याह," मासदार म्हणाला. "तिला सोड."

"तुम्ही मध्ये पडू नका."

"तिनं नाही दिलं. मी दिलं."

आमच्यापैकी कुणाला ते लगेच कळलं नाही. तियोंग दोरीची गाठ मारत होता, तो तसाच वाकलेला राहिला.

"काय दिलं?" रुगायानं विचारलं.

"नाहीचं मत. मी दिलं."

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. त्याला बहुतेक वाटलं, ती ओरडेल. ती ओरडली असती तर त्यालाही ओरडता आलं असतं. मग तोच बोलत सुटला.

"लिफ्ट आली की हे चौघं कशाला येतील? तू मला ढकलत नेशील त्या म्हाताऱ्यांच्या केंद्रात. सकाळी ठेवायचं, संध्याकाळी उचलायचं. पार्सल. चाळीस वर्षं मी लोकांसाठी गाडीचं दार धरून उभा राहिलो. पावसात उभा राहिलो. आठवड्यातून एकदा माझ्यासाठी चार माणसं येतात, हसतात, बोलतात. तेवढंच आहे माझ्याकडे. दुसरं काय आहे?"

"आणि माझ्याकडे?" रुगाया म्हणाली.

"तुला काय? तुझा स्टॉल? ती काय नोकरी होती? मी आहे ना तुझ्याजवळ."

मला त्याची दया आली. हे मी कबूल करतो, कारण पुढं जे वाटलं ते जास्त खरं होतं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की बांबू हातातून टाकून निघून जावं. आमच्या खांद्यांवर बसून तो मशिदीत गेला नव्हता, तिच्या उरलेल्या आयुष्यावर बसून गेला होता, आणि आम्ही हसत हसत हमाली केली होती. आम्ही तरीही गेलो असतो. लिफ्ट आली असती तरी शुक्रवारी मी पाचव्यावरून खाली येऊन त्याची खुर्ची ढकलली असती. हे त्याला एकदा विचारायला काय झालं होतं? पण विचारायची सवय त्याला कधी लागलीच नव्हती, आणि घर त्याच्या नावावर होतं.

सिया बाईनं रुगायाच्या दंडाला हात लावला. रुगायानं तो झटकला नाही. "संत्री," ती एवढंच म्हणाली. सिया बाई म्हणाली, "असू दे," आणि जिना चढून गेली.

त्या शुक्रवारी आम्ही त्याला खाली नेलं, कारण अंगवळणी पडलं होतं. जिन्यात मासदारनं एकदा म्हटलं, "काय, आज इंजीन गार पडलंय?" कुणी हसलं नाही.

पुढच्या शुक्रवारी सालेहची पाठ धरली. रिदवानची ड्यूटी बदलली. दोघंही खोटं बोलत होते आणि दोघांनाही मी दोष देत नाही. तियोंग आणि मी गेलो. दोघांच्यानं खुर्ची उचलत नाही, हे आम्हाला माहीत होतं. तरी गेलो, का ते विचारू नका.

मासदार तयार होऊन बसलेला. इस्त्रीचा शर्ट, अत्तर. त्यानं आमच्या मागं बघितलं, आणखी कुणी येतंय का ते. रुगायाही बाहेर जायच्या कपड्यांत होती, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात रिकाम्या पिशव्या.

"कुठं निघालीस?" मासदारनं विचारलं.

तिनं उत्तर मला दिलं. "शाळेत. सुराया सोडतेय, लिफ्टच नाही तर ती थांबणार कशासाठी? हेडबाईंनी स्टॉल दुसऱ्याला दिला, सोमवारपासून. माझी भांडी तेवढी उचलायची आहेत."

"मी येतो," तियोंग म्हणाला. "भांडी जड असतील."

"नको. तुम्ही दोघं बसा यांच्याजवळ." तिनं कॉफीचे कप आमच्यापुढं ठेवले, शेजारी भज्यांची ताटली. "माणसंच हवी होती ना यांना."

ती गेली. आम्ही बसलो. मासदारनं दोन-तीनदा घसा साफ केला. खाली कॉफीशॉपमध्ये काय चाललंय, असं त्यानं विचारलं. तियोंग म्हणाला, काही नाही. जिन्यातून तिची पावलं ऐकू येत होती. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी.

"हळू उतरते ती," मासदार म्हणाला. "गुडघे गेलेत तिचे."

तियोंगनं कप खाली ठेवला. "म्हणजे माहीत होतं तुला?"

रेडिओवर अजान झाली, आणि त्या शुक्रवारी माझीही नमाज चुकली.